जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल सील: गाडीचं नाव सांगून नव्हे, माप घेऊन शोधा

‘पद्मिनीचं गिअरबॉक्सचं सील द्या.’

काउंटरवर हे वाक्य उच्चारलं की निम्मी चूक तिथंच होऊन जाते. समोरचा माणूस मागच्या खोक्यातून एक सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) काढून देतो, ते बसतंही, आणि महिन्याभरात पार्किंगमध्ये पुन्हा तोच तेलाचा डाग. माझ्या १९८४ च्या पद्मिनीचं मागचं सील मी असं दोनदा बदललं. तिसऱ्या खेपेला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) घेऊन गाडीखाली शिरलो तेव्हा कळलं, दोन्ही सीलं ठीकच होती. सीलची लिप (आतली रबरी कड) शाफ्टवर जिथं घासते तिथं नख अडकेल एवढा चर पडला होता आणि वर ब्रीदर, म्हणजे हवा सोडायचं भोक, मातीनं पक्कं बुजलं होतं.

पुढचा क्रम पद्मिनी, अँबॅसेडर, जुनी जीप अशा गाड्यांसाठी आहे: पुढं इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि हातानं टाकायचे गिअर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं प्रकरण वेगळं, ते इथं नाही. क्रम मात्र मोडू नका. लोक आधी सील आणतात आणि मग गळती शोधतात, सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

## १. गळतंय नक्की कुठून, ते आधी ठरवा

गाडी सपाट जागी लावा, चाकांना लाकडी ठोकळे द्या, जॅकवर उचलून खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा.

इशारा: नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. विटांवर तर मुळीच नाही, वीट न सांगता फुटते.

गिअरबॉक्स बाहेरून डिझेल आणि ब्रशनं घासून काढा, चिंधीनं कोरडा करा. मग संशयाच्या जागांवर साधी टॅल्कम पावडर भुरभुरा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, खाली पुठ्ठा पसरा आणि पुन्हा घोड्यांवर घ्या. पांढऱ्या पावडरीत तेलाची वाट स्पष्ट उमटते. चालत्या गाडीत वारा तेल मागं नेतो, म्हणून जिथून थेंब टपकतो ती जागा सोडा आणि सगळ्यांत पुढची आणि सगळ्यांत वरची ओली जागा शोधा. गळती तिथं आहे.

तपासायच्या जागा अशा: पुढं क्लच हाउसिंगच्या खालचं भोक, मागं प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) जिथं जोडतो ती जागा, स्पीडोमीटरची केबल जिथं शिरते ते टोक, गिअर बदलायचे दांडे जिथून आत जातात ती भोकं, झाकणाचं पॅकिंग आणि ड्रेन प्लग. शेवटच्या दोन जागा लोक हमखास सोडतात. ड्रेन प्लगखालचा तांब्याचा वॉशर दहादा आवळून चपटा झालेला असतो आणि त्याच्या थेंबासाठी बिचाऱ्या मागच्या सीलचा बळी जातो.

क्लच हाउसिंगच्या भोकातून तेल येत असेल तर ते इंजिनचं की गिअरबॉक्सचं, हे आधी ठरवा. इंजिन ऑइल काळं आणि बोटांवर पातळ लागतं. गिअर ऑइल जाड, चिकट, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा हुंगलात की विसरत नाही. इंजिनच्या मागच्या सीलचं तेल असेल तर गिअरबॉक्सचं सील बदलून काहीच हाती लागणार नाही.

## २. सील विकत घेण्याआधी तीन फुकटच्या तपासण्या

ब्रीदर. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ती बाहेर पडायला वर छोटं भोक किंवा टोपी असते. ते बुजलं की दाब सीलवर येतो आणि चांगलं सीलही तेल सोडतं. आजूबाजूची माती आधी पुसा, मग टोपी काढून रॉकेलमध्ये धुवा. जागेवरच तार खुपसलीत तर घाण आत जाईल.

पातळी. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना बाजूला भरायचा प्लग असतो आणि तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. प्लगची बाजू तेवढी जॅकवर असताना भरलं, तर गाडी खाली आल्यावर तेल जास्त होतं आणि जास्तीचं तेल वाट काढतंच.

तेल. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला जाडपणा वापरा. त्याहून पातळ तेल घातलं तर जुनी लिप ते रोखू शकत नाही. जुन्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) बहुधा पितळी किंवा ब्रॉन्झच्या असतात. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली गंधकाची रसायनं या धातूंना खातात, म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ ठेवा. ‘तेच तेल डिफरन्शियलला चालतं की’ असं मिस्त्री म्हणेल. तिथं चालेल, इथं नको.

तपासा: या तिन्ही गोष्टी नीट करून आठवडाभर गाडी वापरा. थेंब थांबला तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

## ३. किती खोलाखोली, ते आधीच मोजा

मागचं सील बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता निघतं. प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, फ्लँज किंवा योक (शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारा तुकडा) काढायचा आणि सील समोर येतं. सोडण्याआधी शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर रंगाची एक रेघ ओढा आणि नंतर तशीच जुळवा, नाहीतर गाडी वेगात थरथरते. सरकता योक असेल तर तो ओढताच तेल बाहेर येतं, त्यामुळं तेल आधीच काढा.

पुढच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तो दोघांनीच उतरवा. आणि एवढं उतरवलंच आहे तर मागचं सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं तेव्हाच बघा. तेलात भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवायचा मोह आवरा. ती पुन्हा घसरणार.

एक खास पेच: काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गिअरबॉक्सना पुढं रबरी सील नसतंच. शाफ्टवर किंवा झाकणात उलट्या आट्यांसारखी चक्री खाच असते आणि फिरताना ती तेल आत ढकलते. अशा ठिकाणी बाजारभर सील शोधत फिरणं म्हणजे वांझोटा उद्योग. तिथं पातळी, ब्रीदर, पॅकिंग आणि बेअरिंगची झीज, एवढंच बघायचं.

## ४. जुनं सील काढताना

काढण्याआधी त्याचा फोटो घ्या: कोणती बाजू बाहेर आहे, ते कडेपासून किती आत बसलंय. आत किती खोल आहे हे व्हर्नियरच्या मागच्या दांडीनं मोजून लिहून ठेवा. नंतर हा आकडा कुणालाच आठवत नाही.

स्क्रू ड्रायव्हर शाफ्ट आणि लिप यांच्या मधून घालू नका. सीलच्या पत्र्यात एक-दोन बारीक स्क्रू अर्धवट फिरवा आणि पकडीनं ओढा. आतल्या भोकाच्या भिंतीवर एक आडवा ओरखडा पडला तर नवं सील बाहेरच्या अंगानं गळतं, आणि लोक सीललाच दोष देतात.

जुनं सील फेकू नका.

## ५. मापं: खरं काम इथंच

ऑइल सीलची ओळख तीन आकड्यांत असते: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. समजा ३५×५२×७ लिहिलंय, म्हणजे ३५ मिमीच्या शाफ्टवर, ५२ मिमीच्या भोकात, ७ मिमी जाडीचं सील. हा आकडा जुन्या सीलच्या तोंडावर असतो, पण तेल आणि मातीनं दिसेनासा होतो. सील डिझेलनं धुवा, कोरडं करा आणि वर शाळेचा खडू आडवा घासा. खोलगट भाग काळे राहतात आणि अक्षरं उठून दिसतात. मात्र सगळेच आकडे माप नसतात, काही कंपनीचे साच्याचे नंबर असतात. म्हणून स्वतः मोजल्याशिवाय विश्वास नको.

आता सगळ्यांत नेहमीची चूक. लोक व्हर्नियरनं जुनं सील मोजतात. मोकळ्या सीलची लिप शाफ्टपेक्षा मुद्दाम लहान केलेली असते, ती घासून मोठी झालेली असते, तेलानं फुगलेलीही असते. बाहेरचा पत्रा काढताना वाकलेला. अशा वस्तूचं माप कशालाच लागू पडत नाही. मोजायचं ते हे:

* शाफ्ट (किंवा फ्लँजचा गळा): चराच्या बाजूला, न झिजलेल्या जागी. फिरवून दोन ठिकाणी.
* भोक: उभं आणि आडवं. दोन्ही आकड्यांत फरक असेल तर भोक वाकडं झालंय.
* खोली: सीलला किती जागा आहे, आणि त्या जागेत तेल परत जायचं भोक कुठं आहे.

०.०२ मिमी दाखवणारं व्हर्नियर पुरतं. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरत नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

मग इंच की मिलिमीटर. पद्मिनीचं घराणं इटालियन, मापं मेट्रिक. जुन्या अँबॅसेडरचं मूळ ब्रिटिश मॉरिस आणि जीपचं अमेरिकन विलीज, दोन्हीकडं इंच. पण इसुझू इंजिनच्या नंतरच्या अँबॅसेडरला गिअरबॉक्सही त्याच घराण्याचा, मेट्रिक. प्रीमियरच्याच ११८ एनईच्या गिअरबॉक्सचा पद्मिनीशी काही संबंध नाही, तिथं निस्सानची घडण. गाडीच्या कागदांवरून नाही, खाली बसलेल्या गिअरबॉक्सवरून ठरवा. चाळीस वर्षांत कुणी काय बदलून ठेवलंय सांगता येत नाही.

इंचाच्या जागी जवळचं मिमी चालेल का? आत बहुधा चालतं, बाहेर नाही. दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी. तिथं ३८ चं सील लिप ताणून सांभाळून घेतं. पण सव्वादोन इंचांचं भोक ५७.१५ मिमी असतं. सील भोकात घट्ट बसावं म्हणून ते छापील आकड्यापेक्षा एक-दोन दशांश मिमी मोठंच बनवतात. म्हणजे ‘५७’ लिहिलेलं सील प्रत्यक्षात ५७.१५ च्या आसपास भरतं आणि भोकात नुसतं उभं राहतं. हातानं ढकलून आत गेलं, तर ते सील तुमचं नाही.

जाडीत सवलत आहे: १० च्या जागी ८ चालू शकतं. उलटं नको, जाड सील तेल परत जायचं भोक झाकतं.

तपासा: कागदावर तीन आकडे, शाफ्टच्या चराची जागा आणि सीलचा फोटो. हे हातात असल्याशिवाय बाजारात जाऊ नका.

## ६. बाजारात काय मागायचं आणि काय नाकारायचं

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचा बाजार आणि कुर्ला ही नेहमीची ठिकाणं. पण मी सरळ मुंबईच्याच नागदेवी स्ट्रीटला जातो. तिथली बेअरिंग-सीलची दुकानं पंप, मोटारी, गिरण्यांना माल देतात. त्यांना गाडीशी घेणंदेणं नसतं, फक्त माप विचारतात. आपल्याला तेच हवंय. कोल्हापूरकरांना उद्यमनगर जवळ आहे. तिथं वर्कशॉपवाल्याला विचारलं तर तो सीलचं दुकानही दाखवेल आणि लेथही. अँबॅसेडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार नावाजलेला आहे, ओळखीचं कुणी जाणार असेल तर चिठ्ठीवर आकडे लिहून द्या.

रबराबद्दल गोंधळ फार. साधं काळं नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंत रोजच्या वापराला पुरतं. ३५ मिमीचा शाफ्ट मिनिटाला ४००० फेऱ्या फिरला, तरी लिपखालचा वेग सेकंदाला ७.३ मीटरच्या आसपास होतो. नायट्राइल तो आरामात झेलतं. व्हिटॉन महाग, २०० अंशांपर्यंत टिकणारं. घेतलंत तर बिघडत नाही, पण आपल्या गाडीला त्याची गरज नाही. सिलिकॉनचं सील मात्र गिअर ऑइलला नको, त्यातली रसायनं सिलिकॉनला मानवत नाहीत. रंगावरून रबर ओळखू नका, पाकिटावरची अक्षरं वाचा: एनबीआर म्हणजे नायट्राइल, एफकेएम म्हणजे व्हिटॉन.

मागचं सील रस्त्याची धूळ-चिखल खातं, तिथं दुहेरी लिपचं मागा. स्प्रिंग असलेली मुख्य लिप तेलाकडं, बाहेरची छोटी धुळीसाठी. काही सीलांच्या लिपवर तिरक्या बारीक रेघा आणि तोंडावर बाण असतो. शाफ्ट त्या बाणाच्या दिशेनंच फिरायला हवा. खात्री नसेल तर साधी लिप घ्या.

आणि ‘ओरिजिनल जुना स्टॉक’. चोर बाजारात पिवळ्या पडलेल्या कंपनीच्या डब्यात सील मिळालं की जुन्या गाडीवाल्यांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावले होते. पण रबर कपाटातही म्हातारं होतं. नायट्राइलची साठवणुकीची मुदत साधारण ७ वर्षं धरतात. पंचवीस वर्षांचं सील शोकेसमध्ये ठेवा, गाडीत नको. अंगठ्यानं लिप हळूच वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा ती कडक लागली तर परत द्या. खिळ्याला माळेसारखी टांगलेली सीलंही नाकारा, खिळ्याच्या जागी लिपला कायमची वाक पडते. आतली स्प्रिंग आपल्या खाचेत आहे ना, हेही तिथंच बघून घ्या.

दोन घ्या. बसवताना एक वाया जाऊ शकतं.

## ७. नेमकं माप मिळालंच नाही तर

आधी जाडी बदलून बघा. मग इंचाच्या यादीत विचारा. तरीही नसेल तर लेथवाल्याकडून दोन उपाय होतात: भोक मोठ्या सीलच्या मापाला बोअर करणं (कातून वाढवणं), किंवा भोक मोठं असल्यास आत घट्ट बसणारी रिंग घालून ते लहान करणं. सील बसतं ते झाकण सुटं निघत असेल तरच हे करा.

पातळ सील दोन, एकामागं एक बसवायची युक्ती कुणी सुचवेल. बाहेरच्या सीलला तेल मिळत नाही, ते कोरडं घासून जळतं आणि शाफ्टवर दुसरा चर पाडतं.

## ८. शाफ्ट बघितल्याशिवाय नवं सील बसवू नका

नख चरात अडकतं का बघा. अडकत नसेल, नुसती चकाकणारी रेघ असेल, तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी तेल लावून शाफ्टभोवती गोल फिरवा. पट्टी फिरता फिरता बाजूला सरकू देऊ नका. तिरके ओरखडे पडले की ते स्क्रूसारखे काम करतात आणि तेल बाहेर ओढून आणतात. बाहेरून चकचकीत दिसणारा शाफ्ट असाच गळत राहतो.

नख अडकत असेल तर तीन वाटा. भोकाची खोली परवानगी देत असेल तर सील एक-दोन मिमी आत किंवा बाहेर बसवून लिपला कोरी जागा द्या. स्वस्त आणि बहुतेक वेळा पुरेसं. दुसरी, शाफ्टवर चढवायची पातळ स्टेनलेस स्लीव्ह. एसकेएफच्या स्पीडी-स्लीव्हची भिंत ०.२८ मिमीची असते, त्यामुळं सीलचं माप बदलावं लागत नाही. तिसरी, फ्लँज लेथवर उतरवून वर बुश चढवणं. हे काम चांगल्या टर्नरकडंच द्या आणि शेवटचा हात ग्राइंडिंगचा हवा, नुसत्या लेथच्या हत्याराच्या आट्या चालत नाहीत.

तपासा: फ्लँज हातानं वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. डगमगत्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही. आधी बेअरिंग.

## ९. बसवणं

भोक पुसून कोरडं करा. बाहेरून रबर असलेलं सील तसंच बसवा. बाहेरून नुसता पत्रा असेल तर त्यावर सीलंटचा अगदी पातळ हात द्या. लिपला गिअर ऑइल लावा, दोन लिपच्या मधल्या जागेत थोडं ग्रीस भरा. कोरडी लिप पहिल्या काही मिनिटांतच जळते.

पुढच्या शाफ्टला दाते असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. त्यावरून सील सरकवताना दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक घट्ट गुंडाळा, वरून तेल लावा आणि सील पलीकडं गेल्यावर प्लास्टिक ओढून घ्या. कुठल्याही महागड्या हत्याराइतकं हे उपयोगी पडतं.

स्प्रिंगची बाजू तेलाकडं. आता सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा, टोक सरळ कापलेला तुकडा घ्या आणि त्यावर रबरी हातोडीनं हळूहळू ठोका. लिहून ठेवलेल्या खोलीपर्यंत (चर टाळायला जागा बदलली असेल तर तेवढा फरक धरून). चारी बाजूंनी खोली सारखी आहे ना, व्हर्नियरनं बघा. अर्धा मिमी तिरकं बसलेलं सीलही गळतं.

पुढचं झाकण काढलं असेल तर त्याच्या पॅकिंगची जाडी जपा. काही गिअरबॉक्समध्ये तीच जाडी बेअरिंगचा खेळ ठरवते. जुन्या पॅकिंगचा दाबला न गेलेला तुकडा मोजा आणि त्याच जाडीचा ऑइल पेपर आणा. कागद झाकणावर धरून कडेनं गोल तोंडाच्या हातोडीनं टकटक केलं की आकार आपोआप कापला जातो. वर सिलिकॉनचा थर थापू नका. आत सुटलेला त्याचा तुकडा तेलाची वाट बुजवतो.

स्पीडोमीटरच्या टोकाचं छोटं सील किंवा ओ-रिंग याच वेळी बदला. ओ-रिंग मागताना दोरीची जाडी आणि आतला व्यास, दोन्ही सांगा.

## १०. तेल आणि पहिले दोनशे किलोमीटर

ड्रेन प्लगला नवा तांब्याचा वॉशर लावा. गाडी सपाट उभी करा, प्लगच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा, ओघळणं थांबल्यावर बंद करा. फ्लँजचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) आवळा आणि लॉक करा. ‘हाताला लागला तेवढा’ इथं चालत नाही.

पहिल्या फेरीत लिपजवळ तेलाचा पुसट ओलावा दिसला तर लगेच घाबरू नका. नव्या लिपला शाफ्टवर बसायला थोडं चालावं लागतं. पुसून घ्या. ५० किलोमीटरनंतर गाडीखाली पुन्हा पुठ्ठा टाका, नंतर २०० ला. २०० ला थेंब पडत असेल तर सील पुन्हा उपटू नका. टॅल्कम पावडर घ्या आणि पहिल्या पायरीवर परत या. थेंब पुष्कळदा दुसऱ्याच जागेचा निघतो.